माशाच्या पोटात चरबीचा गोळा, वजन मात्र जागच्या जागी. खाद्यात काय चुकतंय?

शेततळं_मुरबाड | ७ जानेवारी, रात्री १०:४५

मंडळी, राहायला ऐरोलीत, नोकरी महापेला, आणि शेततळं गावी, मुरबाडच्या पुढे टोकावड्याच्या बाजूला. ३० बाय ३० मीटर, प्लास्टिक अंथरलेलं. शनिवार-रविवारी मी असतो, इतर दिवशी काका बघतात. जुलैअखेर ९०० बोटुकल्या सोडल्या. रोहू जास्त, कटला-मृगळ थोडे.

काल पाग टाकून वीस मासे काढले. सरासरी २९० ग्रॅम. नोव्हेंबरच्या शेवटी २६० होती. दीड महिन्यात ३० ग्रॅम! दोन मासे घरी आणले. आईने पोट फाडलं आणि मला हाक मारली, "हे बघ, याच्या पोटात लोणी आहे." खरंच, आतड्याभोवती पांढराशुभ्र गोळा आणि यकृत पिवळट. तळताना इतकं तेल सुटलं की तुकड्या स्वतःच्याच तेलात तळून निघाल्या.

खाद्य म्हणजे भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड. काकांनी गावतळ्यात वीस वर्षं हेच घातलं आणि तिथून किलो-किलोचे रोहू निघताना मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेत. मग इथेच काय बिघडलं? खाद्य कमी पडतंय का? वाढवू?

रविवारचा_बाजार | ७ जानेवारी, रात्री ११:१०

वाढवू नका, दोन चरबीवाले आमच्या वाशीला पाठवा. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात असला मासा काय लागतो!

शहापूरचा_पाटीलबुवा | ८ जानेवारी, सकाळी ६:२०

थंडीही आहे ना राव. पाणी वीस-बावीस अंशांवर आलं की रोहू तोंड फिरवतो. डिसेंबर-जानेवारीत माझेही मासे थांबतात. पण पोटात गोळा नसतो. तेव्हा नुसत्या थंडीवर ढकलू नका. कोंडा किती, पेंड किती ते सांगा. आणि काट्याने मोजता की बादलीने? बादलीने असेल तर सगळा हिशोब पाण्यात, कोंडा हलका असतो.

शेततळं_मुरबाड | ८ जानेवारी, दुपारी १:३०

काट्याने. ४० किलो कोंड्याला १० किलो पेंड. कोंडा गिरणीवाला जवळजवळ फुकट देतो, भात नुकताच भरडून झालाय. पेंड तुर्भ्याच्या दाणाबाजारातून नेतो. खोटं कशाला बोलू, पेंडीचा भाव बघून हात आखडतो.

नौपाड्याची_माई | ८ जानेवारी, रात्री ९:०५

मी मत्स्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आता ठाण्यात नातवाला गणित शिकवते, तेव्हा जरा गणितच करू या.

गिरणीचा ताजा कोंडा म्हणजे साधारण १३ टक्के प्रथिनं आणि १५ टक्क्यांच्या आसपास तेल. हे तेलच लोक विसरतात. घाण्याच्या शेंगदाणा पेंडीत ४३ टक्के प्रथिनं, ७ टक्के तेल धरा. (नग बदलला की आकडे बदलतात, पण दिशा कळायला एवढे पुरेत.) तुमच्या चारास एक मिश्रणात प्रथिनं १९ टक्के येतात आणि तेल १३ टक्क्यांच्या वर. पिष्टमय भाग ३९ च्या जवळ.

आता ऊर्जा. प्रथिनांच्या ग्रॅमला ४ किलोकॅलरी, तेलाच्या ग्रॅमला ९, पिष्टाच्या ग्रॅमला ४, असं ढोबळ धरलं तर १०० ग्रॅम खाद्यात सुमारे ३५४ किलोकॅलरी होतात. किलोमागे ३५४०. किलोमागे प्रथिनं १९० ग्रॅम, म्हणजे १,९०,००० मिलिग्रॅम. भागा. दर किलोकॅलरीमागे ५४ मिलिग्रॅम.

कार्प माशांना, म्हणजे तुमच्या रोहू-कटला-मृगळांना, वाढायला साधारण ८० ते १०० लागतात. तुम्ही त्यांना रोज भात-तूप वाढलंत आणि वरण विसरलात. मासा पोट भरल्याची खूण बऱ्याच अंशी ऊर्जेवरून ओळखतो. ऊर्जा पुरी झाली की तो थांबतो, प्रथिनं पुरी होवोत न होवोत. मांस चढायला प्रथिनं लागतात. ती नसली की उरलेली ऊर्जा जाणार कुठे? तुमच्या आईंना दिसली तिथे. म्हणून याच खाद्याची पाटी वाढवलीत तर लोणीच वाढेल.

शेततळं_मुरबाड | ८ जानेवारी, रात्री ९:४०

माई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. एक शंका आहे. शेजारच्या वाडीत ब्रॉयलरचं शेड आहे. त्यांच्या पोत्यावर प्रोटीन २० टक्केच आहे आणि कोंबडी सहा आठवड्यांत दोन किलो होते. मग माशालाच एवढं प्रोटीन का?

नौपाड्याची_माई | ८ जानेवारी, रात्री १०:२५

हा प्रश्न वर्गात दरवर्षी यायचा. ब्रॉयलरच्या खाद्यात किलोमागे ३१०० च्या आसपास किलोकॅलरी असतात, म्हणजे किलोकॅलरीमागे मिलिग्रॅम प्रथिनांचं ते प्रमाण ६५ च्या जवळ. माशाचं ८०-१००. लोक म्हणतात, मासा प्रथिनं जास्त खातो. मी उलट सांगायचे, माशाला ऊर्जा कमी लागते, म्हणून प्रथिनांचा टक्का मोठा दिसतो.

कोंबडीला अंग गरम ठेवावं लागतं, मासा पाण्याच्याच तपमानाला राहतो. आपल्याला स्वतःचं वजन पायांवर पेलावं लागतं, माशाला पाणी उचलून धरतं. शिवाय नकोसा नायट्रोजन बाहेर टाकायला कोंबडी युरिक आम्ल बनवते, आपण युरिया बनवतो, आणि त्या बनवण्यात ऊर्जा जाते. मासा अमोनिया तसाच कल्ल्यांतून सोडून मोकळा. (याच अमोनियाशी तुमची पुढे कधीतरी गाठ पडेल, तेव्हा बोलू.)

आणि मासा ऊर्जेसाठी प्रथिनंही जाळतो, अगदी मजेत. म्हणून उलट्या बाजूलाही चूक होते. पेंडच पेंड घातली आणि ऊर्जा कमी ठेवली, तर महागाची पेंड चुलीत घातल्यासारखी जळते.

काचेतला_मासा | ९ जानेवारी, सकाळी ११:००

माझ्या घरच्या टाकीतल्या गोल्डफिशलाही कोंडा चालेल का?

रविवारचा_बाजार | ९ जानेवारी, सकाळी ११:०२

चालेल, पण मग कालवण काचेत करावं लागेल.

शहापूरचा_पाटीलबुवा | ९ जानेवारी, रात्री ८:१५

माईंचं मान्य. पण माझा आजा नुसता कोंडा टाकायचा. पेंड सणासुदीला. आणि मुरबाडकरांचे काकाही तेच सांगतायत. त्या माशांच्या पोटात लोणी का नव्हतं? का होतं आणि आम्ही बघितलं नाही?

नौपाड्याची_माई | ९ जानेवारी, रात्री ९:३०

पाटीलबुवा, या प्रश्नाची वाटच बघत होते.

गावतळ्यात गुरं उतरतात, पावसाचं पाणी शेतांतला गाळ आणि शेण घेऊन येतं, तळाला माती असते. पाणी हिरवं राहतं. त्या हिरव्यावर डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव पोसतात, आणि कोरड्या वजनात त्यांच्यात निम्म्याच्या आसपास प्रथिनंच असतात. मासेही विरळ, एकरी काही शेकडा. तळंच त्यांना वरण-उसळ वाढत होतं, भाताची कमी होती. आजोबांनी कोंडा टाकला, म्हणजे नेमकी कमी असलेली ऊर्जा दिली. माशाने तळ्यातली प्रथिनं जाळायची सोडून मांसात घातली. आजोबांचं प्रमाण त्या तळ्यासाठी उत्तम होतं.

प्लास्टिकच्या तळ्यात माती नाही, गुरं नाहीत, आणि ९०० चौरस मीटरमध्ये ९०० मासे. तळ्याकडून जे मिळतं ते इतक्या तोंडांत वाटलं की थेंब-थेंब. इथे प्रथिनं पिशवीतूनच आली पाहिजेत. काकांना सांगा, त्यांचं काही चुकलेलं नाही, पण हे तळं त्यांचं नाही.

शेततळं_मुरबाड | ९ जानेवारी, रात्री ११:५०

काकांना फोनवर वाचून दाखवलं. पहिलं वाक्य ऐकून खूश झाले. शेवटचं वाचलं नाही.

तळोजे_शिफ्ट | १० जानेवारी, पहाटे ३:१०

रात्रपाळी चालू आहे, म्हणून ही वेळ. तळोज्याला खाद्याच्या कारखान्यात मशीनवर असतो. कारखान्याचं नाव विचारू नका.

पोत्यावर काय छापतो ते सांगतो. प्रोटीन कमीत कमी, फॅट कमीत कमी, तंतू जास्तीत जास्त, ओलावा जास्तीत जास्त. ऊर्जा बहुतेक पोत्यांवर नसतेच. लोक दुकानात येतात आणि विचारतात, "अठ्ठावीस आहे का बत्तीस?" बस. फॅट कुणी विचारत नाही.

पण पोत्यावरून ऊर्जा काढता येते. समजा प्रोटीन २८, फॅट ५, तंतू ६, ओलावा ११, आणि राख (खनिजं) १० धरली. बेरीज ६०. शंभरातून वजा केली की उरले ४०, ते पिष्ट. आता माईंच्या हिशोबाने ११२ अधिक ४५ अधिक १६०, म्हणजे ३१७. किलोला ३१७०. प्रमाण ८८. चांगला माल.

तरंगणाऱ्या दाण्याची एक मेख सांगतो. एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे दाणा पाडायच्या यंत्रात, वाफ आणि दाब बसला की पिष्ट शिजतं आणि फुगतं, म्हणून दाणा तरंगतो आणि माशाला ते पिष्ट पचतंही जास्त. कच्चा मका टाकला तर त्यातलं बरंच शेणातून बाहेर. आणि पीठातच तेल जास्त घातलं तर दाणा फुगतच नाही, बुडतो. म्हणून जादा तेल दाणा सुकल्यावर वरून फवारतो. दाणा हातात घेऊन बोटं तेलकट झाली तर समजा.

शहापूरचा_पाटीलबुवा | १० जानेवारी, सकाळी ७:००

तळोजेवाले, पोत्यावरचं २८ खरंच २८ असतं का? खरं सांगा, रात्रपाळीची शपथ.

तळोजे_शिफ्ट | ११ जानेवारी, पहाटे ४:००

लॅबमध्ये प्रोटीन मोजतच नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. ही पद्धत १८८३ मध्ये योहान केल्डाल यांनी काढली, तीही कोपनहेगनच्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. नायट्रोजन कुठून आला हे तिला कळत नाही. युरियात ४६ टक्के नायट्रोजन. १०० किलो खाद्यात किलोभर युरिया टाकला की कागदावर प्रोटीन जवळपास तीन टक्क्यांनी वाढतं. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाईन हे नायट्रोजनवालं रसायन घातलं ते याच आंधळेपणाचा फायदा घेऊन. रवंथ करणारं जनावर थोडा युरिया वापरू शकतं, मासा नाही.

म्हणून फारच स्वस्त "पस्तीस टक्के" दिसलं तर मी घेणार नाही. बाकी सगळे चोर आहेत असं नाही.

शेततळं_मुरबाड | ११ जानेवारी, रात्री १०:००

दोन खाद्यं किती-किती मिसळायची ते काढायची चौकोनाची पद्धत यूट्यूबवर बघितली. डाव्या कोपऱ्यांत पेंड ४३ आणि कोंडा १३, मध्ये हवं ते २८. तिरकी वजाबाकी केली, पेंड १५ भाग, कोंडा १५ भाग. म्हणजे निम्मं-निम्मं! एवढं सोपं? उद्यापासून चालू करतो.

नौपाड्याची_माई | ११ जानेवारी, रात्री १०:४०

थांबा. तो चौकोन एकाच आकड्याचा सोबती आहे. प्रथिनं जुळवतो, ऊर्जेबद्दल अवाक्षर काढत नाही.

पेंड आणि गिरणीचा कोंडा निम्मं-निम्मं केलंत तर प्रथिनं २८, पण तेल ११. प्रमाण ८१ च्या जवळ, काठावर. त्याऐवजी तेल काढलेला कोंडा घ्या, बाजारात डीओआरबी म्हणतात. त्यात प्रथिनं १५ आणि तेल जेमतेम १ टक्का. निम्मं-निम्मं केलं तर प्रथिनं २९, तेल ४, प्रमाण ९८. प्रथिनांचा टक्का दोन्हीकडे जवळपास सारखा, पण माशाच्या पोटात दोन वेगळी जेवणं.

मी तुमच्या जागी असते तर पेंड ५०, गिरणीचा कोंडा २५, डीओआरबी २५ असं केलं असतं. प्रथिनं साडेअठ्ठावीस, तेल साडेसात, प्रमाण ८९. गिरणीचा कोंडाही वापरला जातो आणि खिसाही वाचतो.

पण कोंडा ताजा हवा. भरडल्याबरोबर त्यातलं तेल बिघडायला लागतं. हातावर चोळून वास घ्या. साबणासारखा किंवा खवट आला तर गुरांनाही नको. आणि पेंड फोडून आत बघा. हिरवट-काळी बुरशी दिसली तर ती पेंड जाळा. आपल्याकडच्या दमट हवेत शेंगदाणा पेंडीवरची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, यकृत तिथेच संपतं.

अजून एक. शेंगदाण्याच्या प्रथिनांत लायसिन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा, कमी. पेंडीतली दहा टक्के जागा सुक्या जवळ्याला किंवा मासळीच्या कुटीला दिलीत तर तेवढ्याच आकड्यातली प्रथिनं जास्त कामाला येतील.

खाजणकर_घणसोली | १२ जानेवारी, रात्री ८:३०

आमी घणसोलीचं आगरी. भातशेती गेली, पण पलीकडे उरणला मामाचं खाजण हाय, खाडीच्या खाऱ्या पाण्याचं, तिथं जिताडा मासा हाय. माई, जितार्‍याला ही पेंड-कोंड्याची भानगड चालंल का? आता खाडीची बारीक मासली टाकतो.

नौपाड्याची_माई | १२ जानेवारी, रात्री ९:१०

दादा, जिताड्याला कोंडा दाखवलात तर तो तुमच्याकडे बघून हसेल. तो शिकारी. त्याच्या खाद्यात प्रथिनं ४० ते ४५ टक्के आणि तेल दहाच्या पुढे लागतं. रोहू पिष्टावर बरंच भागवतो, जिताड्याला ते फार पेलत नाही. त्याची ऊर्जा तेलातून द्यावी लागते, नाहीतर तो सगळी प्रथिनंच जाळतो.

ओली मासळी वाईट नाही, पण तिचा हिशोब ठेवा. किलोभर जिताड्यामागे सहा-सात किलो मासळी जात असेल ना? त्यात तीन चतुर्थांश पाणीच.

खाजणकर_घणसोली | १२ जानेवारी, रात्री ९:२२

सात जाते, बरोबर बोललात. पाच किलो पाणी मी एवढ्या लांबून डोक्यावर नेतो म्हणा की.

पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र हाय, दापोली विद्यापीठाचं. तिथं जाऊन विचारीन म्हणतो.

शेततळं_मुरबाड | २३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

बऱ्याच दिवसांनी आलो. माईंचं ५०-२५-२५ प्रमाण २० जानेवारीपासून चालू केलं. पेंड रात्री भिजवून सकाळी कोंड्यात मळतो आणि भोकं पाडलेल्या खताच्या रिकाम्या गोण्यांत भरून बांबूला टांगतो. आंध्रात असंच करतात म्हणे. मासे गोणीला टोचे मारतात, फेकून वाया जात नाही.

काल वजन ३४० ग्रॅम. थंडीही ओसरलीय, त्यामुळे सगळं श्रेय खाद्याला देत नाही. पण एक मासा आईने मुद्दाम फाडून बघितला आणि म्हणाली, "लोणी कमी झालंय, आता तूप राहिलंय."

शहापूरचा_पाटीलबुवा | २३ फेब्रुवारी, रात्री १०:१०

चला, मुरबाड मार्गाला लागलं.

शेततळं_मुरबाड | १९ मार्च, दुपारी ४:१०

तातडीचं आहे. मार्चच्या सुरुवातीला ओळखीतल्या एकाकडे कोळंबीचं खाद्य निम्म्या भावात मिळालं. ४० टक्के प्रोटीन. वाटलं, प्रोटीन कमी होतं म्हणून रडत होतो, आता एकदाच भरपूर देऊ. रोज ५ किलो. पंधरा दिवस मासे तुटून पडत होते. आता पाणी गडद हिरवं, वास, आणि काल-आज मिळून ३५ मासे मेले. मेलेले दुपारनंतर दिसतात. काका म्हणतात, पाणी बिघडलं की चुना टाकायचा. चुन्याची पोती आणून ठेवलीत. टाकू का?

नौपाड्याची_माई | १९ मार्च, दुपारी ४:१८

चुना टाकू नका. आधी फोन करून काकांना थांबवा, मग बाकीचं वाचा.

खाद्य आजपासून पूर्ण बंद. बोअरचं ताजं पाणी सोडा, तळाचं पाणी जमेल तेवढं काढा. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) असेल तर रात्रभर चालवा. पीएच आणि अमोनियाचं किट आहे का? आत्ता मोजा, आणि सकाळी सातला परत.

शेततळं_मुरबाड | १९ मार्च, संध्याकाळी ५:३५

काका थांबले, एक पोतं फोडलं होतं. शेजारच्या पोल्ट्रीवाल्याकडून किट आणलं. अमोनिया लिटरला १.५ मिलिग्रॅम, पीएच ८.९. एरेटर नाही. पंपाचं पाणी उंचावरून तळ्यातच परत पाडतोय.

नौपाड्याची_माई | १९ मार्च, संध्याकाळी ६:०५

तेवढं चालेल, फवारा जितका फुटेल तितका बरा.

आता कारण. ५ किलो खाद्यात ४० टक्क्यांनी २ किलो प्रथिनं. प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे रोज ३२० ग्रॅम. त्यातला फार तर तिसरा हिस्सा माशाच्या मांसात राहतो. उरलेला दोनशे ग्रॅमहून जास्त रोज पाण्यात, बहुतेक अमोनिया होऊन. तुमच्या माशांना एवढी प्रथिनं मांसासाठी लागतच नव्हती. ती त्यांनी ऊर्जेसाठी जाळली, आणि ही त्याची राख.

अमोनियाची दोन रूपं असतात आणि त्यातलं एकच जहाल. पीएच ७.५ असताना जहाल भाग शेकडा दोन-तीन. ८.९ ला, या उन्हाळी पाण्यात, चाळीसच्या जवळ. उन्हात शेवाळ कर्बवायू ओढून घेतं, पीएच चढतो, म्हणून मासे दुपारी मरतायत. पहाटे तोंडं वर काढून तडफडले असते तर मी ऑक्सिजन म्हटलं असतं. आता कळलं ना चुना का नको? चुन्याने पीएच आणखी चढला असता आणि ३५ चे ३५० झाले असते. काकांचा चुना गढूळ, आम्लट पाण्याला योग्य. आज नाही.

तळोजे_शिफ्ट | २० मार्च, पहाटे २:४०

कोळंबीचं पोतं निम्म्या भावात कुणी का देतं, हाही प्रश्न विचारायला हवा होता. तारीख बघा पोत्यावरची.

शेततळं_मुरबाड | २० मार्च, रात्री ११:००

तारीख उलटून चार महिने झालेत. मी बघितलीच नव्हती.

सकाळी पीएच ७.८ होता, दुपारी परत ८.६. मेलेले आज ६.

शेततळं_मुरबाड | २६ मार्च, रात्री १०:१५

तीन दिवसांपासून एकही मासा मेला नाही. अमोनिया ०.५ वर आलाय. एकूण ४८ मासे गेले. पुरताना काका माझ्याशी बोलत नव्हते. मीही नाही. जुनं ५०-२५-२५ परत चालू केलंय, आधी वजनाच्या एक टक्का, मग दीड. उरलेल्या कोळंबी-खाद्याची पोती शेडमध्ये उलटी करून ठेवलीत, दिसायला नकोत.

रविवारचा_बाजार | २७ मार्च, सकाळी ८:००

आपण मस्करी करतो, पण ४८ माशांचं वाईट वाटलं राव.

शहापूरचा_पाटीलबुवा | २७ मार्च, सकाळी ८:४५

माझ्याही एका हंगामात अशीच शंभरेक गेली होती. मी धागा काढला नव्हता इतकंच.

शेततळं_मुरबाड | १७ मे, रात्री ९:२०

पाणी खाली चाललंय, म्हणून काल जाळं ओढून सगळं काढलं. सरासरी ५६० ग्रॅम. कटले त्याहून मोठे. जानेवारीतला हिशोब बघता मी समाधानी आहे. मुरबाडच्या बाजारात निम्मे गेले, उरलेले वाडीतच संपले. आईने पोट फाडून निकाल दिला, "आता मासा मासा दिसतो."

गंमत म्हणजे काकांनी त्याच आठवड्यात गावतळ्यातून काढलेला रोहू सव्वा किलोचा निघाला. नुसता कोंडा. दोघांचा फोटो शेजारी-शेजारी काढायला लावला त्यांनी.

पुढच्या हंगामात बोटुकल्या ६०० च सोडणार. आणि या वेळी पेंडीतला दहावा हिस्सा जवळा घालायचा म्हणतो, माईंनी जानेवारीत सांगितलेलं राहूनच गेलं. जुलैत बी सोडल्यावर घेतला तर चालेल ना?

खाजणकर_घणसोली | १७ मे, रात्री ९:५०

जुलैत? १ जूनला मासेमारी बंद होते, ३१ जुलैपर्यंत. पावसात सुक्या जवल्याचा भाव इचारू नको. आताच घे. पण मूठभर हातात घेऊन चोल आधी, वालू किती पडते बघ. आणि जिभेवर ठेव. खारट लागला तर मीठ मारून सुकवलाय, तुझ्या तल्याला नको. इतवारी दिवाल्याच्या कोलीवाड्यात येशील तर मी असतो, माझी मावशी बसते तिथं. पोती धुतलेली आन, खताची नको.

शेततळं_मुरबाड | १७ मे, रात्री ९:५८

येतो. किती वाजता?

खाजणकर_घणसोली | १७ मे, रात्री १०:०१

सहाला. सात वाजता आलास तर वालूच मिलंल.